गेटच्या आत गेलेली वाट

"वाट हुती, आता गेट हाय." चिकू वेचणाऱ्या मावशी एवढंच बोलल्या आणि परत कामाला लागल्या.

डहाणू तालुक्यातल्या घोलवड स्टेशनला उतरून वाड्यांमधून समुद्राकडे निघालो होतो. मागच्या वेळी जिथून सरळ सुरूच्या बनात निघालो तिथे आता पत्र्याचं गेट, कुलूप आणि पलीकडे लाटांचा आवाज.

मावशींच्या हातातली लांब काठी, टोकाला जाळी, चिकू अलगद त्यात पडतो आणि देठातून पांढरा चीक येतो, तो त्यांच्या बोटांवर वाळून काळा झाला होता. इथल्या चिकूला 2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक आहेच, पण या वाडीतून त्या वाडीत जाणारी वाट मात्र कुठल्याच कागदावर नसते ना.

डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे, त्यामुळे मोठे कारखाने बरेचसे लांब राहिले आणि म्हणूनच तर ट्रेनमधून उतरून थेट झाडांच्या सावलीत चालायला मिळतं. पण पायवाटा अशा गुपचूप जातात, आज एक कुंपण, उद्या एक बंगला, बातमी वगैरे काही होत नाही. आम्ही फिरायला येणारे डांबरी रस्त्याने वळसा घालून बोर्डीच्या किनाऱ्यावर पोचतो हो, पण मावशी रोज डोक्यावर पाटी घेऊन तोच वळसा घालतात आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतंय.

तुमच्या किनाऱ्यावर अशी जुनी वाट अजून चालू आहे का? कुठून कुठे जाते ते नक्की लिहा.