तुम्ही विचारलंत म्हणून : नर्सिंग करून डॉक्टर होता येतं का?

नाही. उत्तर आधीच देऊन टाकते, कारण विचारणारे बहुतेक जण 'हो' ऐकायच्या तयारीनेच आलेले असतात. भिशीत, लग्नाच्या पंगतीत, डिस्चार्जचे कागद घेता घेता, प्रश्न तोच : "सिस्टर, मुलीला नीटला मार्क कमी पडले. आत्ता नर्सिंगला घालतो, मग तिथून पुढे एमबीबीएसला जाईल ना?"

तसं जाता येत नाही. जीएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाची, तीन वर्षं करा, बीएससी नर्सिंगची चार करा, वर एमएससी करा, एमबीबीएसच्या मधल्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी आम्हीही शिकतो, पण म्हणून तिकडे एक पेपरसुद्धा माफ होत नाही. फार्मसी, फिजिओथेरपी, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), बीडीएस (दातांचे डॉक्टर), सगळ्यांची तीच गत. एखादा एजंट "आमची ओळख आहे, करून देतो" म्हणाला, तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

रस्ता एकच आहे : पुन्हा नीट. २०२२ मध्ये नीटची कमाल वयाची अट काढली, त्यामुळे नर्सिंग झालेली तिशीतली बाईसुद्धा परीक्षेला बसू शकते. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं. जीएनएमला आर्ट्सच्या मुलीही येतात, त्यांची तिथेच अडचण होते. आणि नंबर लागलाच तर पहिल्या वर्षापासून सुरुवात : साडेचार वर्षं आणि वर एक वर्षाची इंटर्नशिप. नर्सिंगची वर्षं त्यात कुठेही धरत नाहीत.

नर्सिंगचा जिना वर जातो, पण त्याच इमारतीत. इन्चार्ज, मेट्रन, ट्यूटर, प्राचार्य. पीएचडी केली तर नावाआधी डॉ. लागतं, पण त्या डॉ.च्या जोरावर पेशंटला औषध लिहून देता येत नाही. अलीकडे क्रिटिकल केअर आणि मिडवायफरीत नर्स प्रॅक्टिशनरचे कोर्स आले आहेत. त्यात अधिकार थोडे वाढतात, तरी ती नर्सच असते, आणि ते मला योग्यच वाटतं.

मग दुसरा प्रश्न येतो, बीएएमएस-बीएचएमएसचा, म्हणजे आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या पदव्यांचा. ते डॉक्टरच आहेत, त्यांनाही नीट द्यावी लागते, त्यांच्या परिषदा वेगळ्या. पण बीएएमएस करून मागल्या दाराने एमबीबीएस होता येत नाही. २०१४ साली महाराष्ट्राने कायदा बदलून होमिओपॅथीच्या डॉक्टरांना एक वर्षाचा सीसीएमपी कोर्स करून काही आधुनिक औषधं देण्याची वाट काढून दिली. त्यावरून आयएमए, म्हणजे ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची संघटना, रस्त्यावर उतरली, प्रकरण कोर्टात गेलं. केंद्रातही २०१७ च्या वैद्यकीय आयोगाच्या विधेयकात आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) डॉक्टरांना आधुनिक औषधं लिहिता यावीत म्हणून ब्रिज कोर्स होता, तो विरोधामुळे गाळावा लागला. या भांडणात मी कोणाच्या बाजूची, असंही मला विचारतात. खालचं वाचा आणि तुम्हीच ठरवा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिसरा प्रश्न मला लागतो. "तुम्हाला एवढं कळतं, मग तुम्ही का नाही डॉक्टर झालात?"

हा मला पहिल्यांदा एका आईने विचारला. मी तेव्हा एका खासगी हॉस्पिटलात नाईटला होते. संध्याकाळी सिझर झालेली बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, पहिलंच बाळंतपण, बाळ छान. रात्री बाराच्या राउंडला तिची पल्स एकशे दहा लागली. बीपी ठीक होतं, पॅडवर रक्त नेहमीइतकंच. पण ती सारखी पाणी मागत होती, एका कुशीवर ठरत नव्हती. तरुण बाईचं बीपी बराच वेळ टिकून राहतं, पल्स आधी पळायला लागते, हे ज्याने वॉर्डात रात्री काढल्यात त्याला सांगावं लागत नाही. मी आरएमओंना, म्हणजे रात्री हॉस्पिटलात थांबणाऱ्या डॉक्टरांना, उठवलं. ते बीएचएमएस होते, सज्जन माणूस. त्यांनी पोट पाहिलं, म्हणाले, दुखत असेल, सरांना, म्हणजे सिझर केलेल्या सर्जनना, विचारतो. सरांनी फोनवर सलाईन वाढवायला सांगितलं, सकाळी हिमोग्लोबिन बघू म्हणाले.

अर्ध्या तासाने पल्स एकशे तीस. युरिन बॅगेत जेमतेम भर. पोट मघापेक्षा ताठ. मी आरएमओंना म्हटलं, सर, आत ब्लीडिंग आहे, बोलवा त्यांना. ते म्हणाले, "सिस्टर, मी आत्ताच फोन केलाय. परत केला तर चिडतील." मग मीच फोन लावला. निदान सांगितलं नाही, नर्सने निदान सांगितलेलं चालत नाही. फक्त आकडे वाचले : पल्स इतकी, बीपी इतकं, तासाभराची लघवी इतकी. पलीकडून विचारणा झाली, "आरएमओ कुठे आहेत? त्यांना फोन द्या." मी फोन दिला. आरएमओंनी तेच आकडे, त्याच क्रमाने वाचले. तेव्हा सर निघाले.

पोट पुन्हा उघडलं, आत रक्त भरलेलं होतं. रक्ताच्या पिशव्यांसाठी तिचा नवरा रात्रभर ब्लड बँकेच्या फेऱ्या मारत होता. मुलगी वाचली. गर्भपिशवी काढावी लागली.

सकाळी तिची आई माझा हात धरून रडली आणि म्हणाली, "तुला इतकं कळतं गं बाई, मग डॉक्टर का नाही झालीस?" तिने मायेने विचारलं होतं. मला मात्र वाटलं की रात्रभर मी जे केलं ते तिच्या लेखी माझं कामच नव्हतं, दुसऱ्याचं काम मी चुकून केलं होतं. पल्स मोजून तिचा अर्थ लावणं हे नर्सिंगच आहे. ते अर्धवट डॉक्टरकीचं काम नाही.

त्या दिवसांत मी सगळ्यांना सांगत सुटले होते : मुलींना नर्सिंगला घालू नका, दोनदा नीट द्या, तीनदा द्या, पण ज्याच्या शब्दाला ऑर्डर म्हणतात तो माणूस व्हा. मला अधिकार असता तर तो वेळ वाया गेला नसता, असं मी म्हणायची. आज त्या मुलीला, म्हणजे तेव्हाच्या मला, विचारावंसं वाटतं : कसला अधिकार? आत रक्त आहे एवढं तुला कळलं. कुठून येतंय ते कळलं होतं? पोट उघडल्यावर कुठली रक्तवाहिनी बांधायची, पिशवी वाचेल की नाही, हे कोण ठरवणार होतं? त्यासाठीच ती साडेपाच वर्षं आणि पुढची एमएसची वर्षं असतात. ती वगळून कोणी माझ्या पोटावर सुरी चालवलेली मला चालेल का? चालणार नाही.

त्यावर तेव्हाची मीही गप्प बसत नाही. ती म्हणते, त्या रात्री शिक्षण कमी पडलं नव्हतं. आकडे तेच होते, वाचणारा बदलला आणि गाडी निघाली. आणि ज्याचं ऐकलं गेलं त्याची पदवी तरी शस्त्रक्रियेची होती का? याला माझ्याकडे उत्तर नाही. आरएमओंनाही दोष देववत नाही. त्यांनाही लोक "तुम्ही खरे डॉक्टर ना?" असं विचारतात, मी ऐकलंय. तो वेळ वाचला असता तर तिची पिशवी राहिली असती का, हे मी नंतर कोणाला विचारलं नाही.

म्हणून मी हल्ली दोन वेगळी उत्तरं देते. ज्या मुलीला डॉक्टरच व्हायचंय, तिने पुन्हा नीट द्यावी, नर्सिंगमधून वळून जायचा विचार करू नये. नर्सिंगची एक जागा अडते आणि चार वर्षं मन दुसरीकडे असतं. अशी मन नसलेली सिस्टर रात्री बाराला पल्स नीट बघत नाही. ज्या मुलीला आजारी माणसाजवळ थांबायला आवडतं, तिने नर्सिंगला यावं, पण पगार, नाईट आणि "फोन त्यांना द्या" हे सगळं माहीत करून घेऊन.

गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनी लेकीला घेऊन आल्या होत्या. मी मुलीला विचारलं, तुला काय हवंय? ती म्हणाली, "आई म्हणते नर्सिंग करून बघू, जमलं तर डॉक्टर." मी म्हटलं, तुला विचारलं. ती आईकडे बघत राहिली. मी तिला आमच्या वॉर्डात एक दिवस घेऊन येते म्हटलंय. वहिनींना ते फारसं पटलेलं दिसलं नाही. त्यांना माझ्याकडून अजूनही 'हो' हवं आहे.