परवानगी ग्रामसभेची : ट्रोम्सोतल्या मास्टर्सचा माझा अनुभव

नॉर्वेत ट्रोम्सोच्या विद्यापीठात आदिवासी अभ्यास या विषयात इंग्रजीतून मास्टर्स करता येतं. मी केलं. प्रवेशअर्ज, परवाना, बँकेत दाखवायचे पैसे याबद्दल बरेच जण विचारतात, पण ते परदेशी शिक्षणात सगळीकडे असतं तसंच. एवढंच सांगते, २०२३ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथे फी लागते. मी त्याआधी शिकून आले, आता मला परवडलं नसतं. आणि हो, नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य उगवत नाही. सवय होते म्हणतात. मला झाली नाही.

पहिल्या वर्षी सामी लोकांचा, म्हणजे उत्तर नॉर्वेतल्या आदिवासींचा, इतिहास खोलात शिकवला. आल्ता नदीवरच्या धरणाविरुद्ध १९७९ पासून सामींनी उपोषणं केली, रस्ते अडवले. धरण झालंच, पण त्या लढ्याच्या रेट्यातून १९८९ मध्ये सामी संसद उभी राहिली. १९९० मध्ये आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) आदिवासींच्या हक्कांबद्दलचा १६९ क्रमांकाचा करार नॉर्वेने सगळ्यांच्या आधी मान्य केला. वर्गातल्या नेपाळी मैत्रिणीने लगेच सांगितलं, आम्ही २००७ मध्ये केला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. भारताने याच विषयावरचा १९५७ चा जुना, १०७ क्रमांकाचा करार मान्य केलाय, १६९ नाही. पण पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायदा आपल्याकडे आहेत, आणि कागदावर तरी चांगले दमदार आहेत. हे पटवून देता देता माझा प्रबंधाचा विषय ठरला : गडचिरोलीतले सामूहिक वनहक्क, म्हणजे अख्ख्या गावाचे मिळून जंगलावरचे हक्क.

खरी कसोटी परवानगीची. माणसांची व्यक्तिगत माहिती गोळा करायची तर नॉर्वेत प्रकल्प आधी नोंदवावा लागतो. माहितीपत्रक, संमतीपत्र, रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, कधी पुसणार, सगळं लिहून द्यायचं. दिलं. पण ते संमतीपत्र एकेका माणसाचं. मी गेले त्या गावात (नाव मुद्दाम देत नाही) जंगलाबद्दल कुणी एकट्याने बोलायला तयार नव्हतं. ‘ग्रामसभेत मांडा,’ म्हणाले. गडचिरोलीत यात नवल काही नाही. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या तिथल्याच मेंढा-लेखा गावातही निर्णय सर्वसहमतीनेच होतात. मी गेले त्या गावात एकाने हरकत घेतली आणि विषय पुढच्या सभेवर गेला. त्यात तेंदूपत्त्याचा हंगाम लागला, मग ती सभाही लांबली.

सभेत आडपडदा नव्हता. लिहिलेलं कुठे राहणार? विद्यापीठाच्या मुनिन नावाच्या संग्रहात, मी सांगितलं, जगात कुणीही वाचू शकेल. त्यावर एका बाईंनी विचारलं, ‘औषधाची झाडं कुठंकुठं आहेत, तेपण?’ तिथून चर्चा रंगली आणि मी बराच वेळ नुसती ऐकत बसले. ठरलं ते असं : वनस्पतींच्या जागा आणि देवाच्या ठिकाणांचे नकाशे प्रबंधात घ्यायचे नाहीत. मसुदा आधी सभेत वाचून दाखवायचा. मराठी प्रत गावात ठेवायची.

दोन प्रकरणं त्यामुळे बारीक झाली. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, मग ही अटच संशोधनपद्धतीच्या प्रकरणात लिही. परीक्षकांनी तरी नकाशा का नाही हे विचारलंच. मी ग्रामसभेचा ठराव पुढे केला, तेव्हा त्यांचे पुढचे सगळे प्रश्न त्या ठरावावरच आले. मराठी प्रतीचं काम मात्र प्रबंधाइतकंच जड गेलं, आणि त्याला क्रेडिट नसतात. तुम्ही असं काही करणार असाल तर आधी ग्रामसभेची तारीख विचारा, मग तिकीट काढा. तेंदूच्या दिवसांत तर जाऊच नका.