गार्डनरची पिवळसर खुर्ची

गेल्या महिन्यात इथे मॅसेच्युसेट्समध्ये एका जुन्या घराच्या सामानाच्या सेलमधून एक खुर्ची आणली, फिकट पिवळ्या लाकडाची, पाठीला कुत्र्याच्या हाडासारखी आडवी फळी. घरी आणून उलटी केली तर खाली शिक्का, हेवूड-वेकफिल्ड. तेव्हापासून या कंपनीबद्दल मिळेल ते वाचतेय आणि डोक्यातून जातच नाहीये.

बॉस्टनच्या पश्चिमेला साधारण शंभर किलोमीटरवर गार्डनर म्हणून गाव आहे. तिथे 1826 मध्ये हेवूड भावांनी लाकडी खुर्च्या करायला घेतल्या, पुढे लाकूड वाकवायची स्वतःची यंत्रं काढली, आणि त्यांच्यामागोमाग गावात इतके कारखाने झाले की गार्डनरचं नावच चेअर सिटी पडलं.

पण मला जास्त आवडली ती सायरस वेकफिल्डची गोष्ट. हा बॉस्टनमधला किराणा व्यापारी. त्या काळी पूर्वेकडून येणाऱ्या जहाजांत माल हलू नये म्हणून मधेमधे वेताच्या मोळ्या कोंबायचे आणि माल उतरला की त्या धक्क्यावर फेकून द्यायचे, म्हणजे शुद्ध कचरा. 1840 च्या दशकात याने तो फुकटचा वेत उचलला, खुर्च्या विणणाऱ्यांना विकून बघितला, तो खपतोय म्हटल्यावर किराणा सोडून हाच धंदा धरला आणि 1855 मध्ये वेकफिल्ड रॅटन कंपनी काढली. वेताची वरची साल बैठकीची जाळी विणायला जायची, आतला गाभा तोवर वाया जायचा, तर त्यानेही फर्निचर विणायला लागले, आणि उरलेल्या छिलक्यांच्या चटया! काहीच टाकायचं नाही. आमच्या आजोबांची वेताची आरामखुर्ची होती, तिची जाळी फाटली की विणून घ्यायचे, नवी आणायचा विषयच निघायचा नाही, वाचताना सारखी तीच आठवत होती. त्याचा कारखाना साउथ रीडिंग नावाच्या गावात होता, सायरसने त्या गावाला इतकं दिलं की 1868 मध्ये गावाचं नावच वेकफिल्ड केलं.

आधी एकमेकांशी स्पर्धा, मग 1897 मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. बाबागाड्या, नाटकगृहातल्या खुर्च्या, रेल्वेच्या सीट्स, शाळेतली बाकं, सगळंच करायचे. वेताची फॅशन ओसरली तेव्हाही ते डगमगले नाहीत. 1930 च्या दशकात गिल्बर्ट रोड, रसेल राइट असे डिझायनर बोलावले आणि बर्च नावाच्या झाडाच्या भरीव लाकडाचं मॉडर्न फर्निचर सुरू केलं, गोलसर कडा, कुठे नक्षी नाही, पॉलिशच्या शेड्सची नावं व्हीट आणि शॅम्पेन. दुसऱ्या महायुद्धानंतर नवीन छोटी घरं घेणाऱ्या जोडप्यांनी हेच घेतलं, एकदम सगळं परवडलं नाही तरी एकेक नग घेत गेलं तरी सेट जुळायचा.

आणि मग उतरण. लोकांना दुसरंच काही आवडायला लागलं, भरीव लाकूड आणि एवढं हातकाम महागात पडायला लागलं, दक्षिणेत नॉर्थ कॅरोलिनाकडे मजुरी स्वस्त आणि धंदा आधीच तिकडे सरकत होता. 1966 मध्ये ही मॉडर्न लाइन बंद झाली, 1979 मध्ये गार्डनरचा कारखाना, 1981 मध्ये दिवाळं. दीडशेच्या वर वर्षं! मला वाटतं त्यांनी लाकूड हलकं केलं असतं, वर नुसता पातळ थर चिकटवला असता तर कदाचित अजून काही वर्षं निघाली असती, पण मग ही खुर्ची आज माझ्या घरात धड उभी नसती, हेही खरंच आहे.

कंपनी गेल्यावर हे फर्निचर लोकांनी जुनाट म्हणून रस्त्याच्या कडेला ठेवलं, धक्क्यावरच्या वेतासारखंच, आणि मग कुणीतरी ते उचलायला लागलं. आता शौकीन लोक शिक्का बघून शोधत फिरतात. गार्डनरच्या कारखान्याच्या इमारतीत आता वयस्कर लोकांसाठी घरं आहेत. एकदा जाऊन बघायचंय मला, त्या विटांच्या भिंतींपाशी नुसतं उभं राहायचंय.

खुर्चीचे सगळे सांधे घट्ट आहेत, कुठे कुरकूर नाही. बैठकीचं कापड तेवढं विरलंय, ते या शनिवारी बदलणारे.