तुम्ही विचारलंत म्हणून: कॉन्फिगची फाइल राहणार कुठे?

टीममध्ये नवीन आलेलं कुणी ना कुणी मला हे विचारतंच: "डेटाबेसच्या कॉन्फिग, म्हणजे सेटिंग्जच्या, फाइली डेटा डिरेक्टरीतच राहू द्यायच्या, की ईटीसीमध्ये ठेवायच्या?"

ईटीसीमध्ये, म्हणजे लिनक्सच्या सेटिंग्ज ठेवायच्या फोल्डरमध्ये. निदान ज्या फाइली आपण हाताने बदलतो त्या तरी.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मुळात, नवी डेटा डिरेक्टरी उभारणारी इनिट-डीबी कमांड चालवली की मुख्य सेटिंग्जची पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ आणि कुणाला लॉगिन द्यायचं ते ठरवणारी पीजी_एचबीए.कॉन्फ टेबलांच्या शेजारीच, डेटा डिरेक्टरीत येऊन बसतात. डेबियन या लिनक्सवर त्या ईटीसीखाली, व्हर्जन आणि क्लस्टरच्या (एका सर्व्हरखालच्या डेटाबेसांच्या संचाच्या) नावाने असतात. 2005 मध्ये आलेल्या पोस्टग्रेस 8.0 पासून या फाइलींची जागा वेगळी सांगता येते.

मला अक्कल आली ती एका रेप्लिकामुळे, म्हणजे डेटाबेसच्या दुसऱ्या मशीनवरच्या प्रतीमुळे. पीजी_बेसबॅकअप या कमांडने अख्खी डेटा डिरेक्टरी छोट्या मशीनवर आणली, तिच्यासोबत मोठ्या मशीनची कॉन्फिगही आली. शेअर्ड_बफर्सचा, म्हणजे पोस्टग्रेसने स्वतःसाठी घ्यायच्या मेमरीचा, आकडा इथल्या एकूण मेमरीपेक्षा मोठा. सर्व्हर उठेना, आणि मी अर्धा तास परमिशन तपासत बसले! डेटा या मशीनवरून त्या मशीनवर फिरतो. मेमरीचा आकडा मात्र त्या-त्या मशीनचा असतो.

शिवाय डेटा डिरेक्टरीत माणसाचा हात जितका कमी जाईल तितका बरा. तिथल्या पीजी_एक्सलॉग फोल्डरमध्ये नुसते लॉग असतील असं समजून लोक ते खुशाल उडवायचे आणि डेटाबेस गमावून बसायचे. खरं तर तिथे डेटातल्या बदलांच्या, डेटाबेसला लागणाऱ्याच नोंदी असतात. म्हणून 10 व्या आवृत्तीत त्याचं नाव पीजी_वॉल झालं.

आता "निदान" का म्हटलं ते. पोस्टग्रेस 9.4 पासून ऑल्टर सिस्टिम ही सेटिंग बदलायची कमांड आहे. त्याने केलेला बदल पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फमध्ये जातो आणि ही फाइल डेटा डिरेक्टरीतच राहते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या 8.0 मध्ये सेट पर्सिस्ट या कमांडचंही तसंच. माझी त्याला हरकत नाही, ती सर्व्हरची स्वतःची वही आहे. फक्त ती शेवटी वाचली जाते, त्यामुळे तिचाच शब्द चालतो. ईटीसीमध्ये आकडा बदलून, रीलोड करूनही काही हलत नसेल, तर डोकं खाजवण्याआधी पीजी_सेटिंग्ज या पोस्टग्रेसच्या यादीतला सोर्सफाइल हा, आकडा कोणत्या फाइलीतून आला ते सांगणारा, कॉलम बघा.

ईटीसीचा एक तोटा कबूल करते: डेटा डिरेक्टरीच्या बॅकअपमध्ये या फाइली येत नाहीत. ऐन रिस्टोअरच्या वेळी पीजी_एचबीए सापडत नाही आणि ॲप्लिकेशनला लॉगिन मिळत नाही. म्हणून माझ्या या फाइली गिटमध्ये (फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) असतात, पासवर्ड वगळून.