डक्ट झाडून काय होणार, फिल्टरच सैल असेल तर

'आमचे एअर डक्ट स्वच्छ व निर्जंतुक केलेले आहेत.' अमेरिकेतल्या एखाद्या पाळणाघराच्या दारावर अशी पाटी दिसली (डक्ट म्हणजे मशीनची हवा खोल्यांत नेणाऱ्या वाहिन्या) की आपल्याकडून नवीन आलेल्या पालकांना भरून येतं. किती काळजी घेतात बघा! मात्र त्या पाटीतला 'निर्जंतुक' हा शब्द वाचला की विचारपूस सुरू करायला हवी.

आधी कौतुकाचं सांगते. हवा खेळती ठेवण्याचं जे मानक इथे वापरतात (अ‍ॅश्रे ६२.१), त्यात चार वर्षांपर्यंतच्या मुलांच्या डेकेअरचा वेगळा रकाना आहे. माणशी मिनिटाला १० घनफूट बाहेरची हवा, शिवाय खोलीच्या दर चौरस फुटामागे ०.१८ घनफूट. ऑफिससाठी हेच आकडे ५ आणि ०.०६ आहेत. म्हणजे रांगणाऱ्या बाळाच्या वाट्याला कारकुनाच्या दुप्पट हवा, आणि खोलीच्या हिशेबात तिप्पट. ५०० चौरस फुटांची खोली, १२ मुलं आणि २ ताया धरल्या तर १४० अधिक ९०, एकूण २३० घनफूट ताजी हवा दर मिनिटाला आत यायला हवी. आजारी मुलाला वेगळं झोपवायची खोली असेल तर तिथली हवा इतर खोल्यांत फिरवायची नाही. नियम करणाऱ्याने लंगोटाची बादली जवळून पाहिली असावी.

ही सगळी हवा डक्टमधून येते. आपल्याकडच्या बालवाडीत धूळ खिडकीतून येते आणि फरशी पुसली की जाते. यात मागासलेपण काही नाही. उघडी खिडकी ही फिल्टर न बदलता चालणारी यंत्रणा आहे. पण स्प्लिट एसी लावून खिडक्या गच्च बंद केलेल्या प्ले-ग्रुपला हा बचाव लागू होत नाही. तिथे डक्ट नाही हे खरं, पण बाहेरची हवाही नाही. तीच ती हवा गार होऊन फिरत राहते.

आता चिडचिडीचा भाग. डक्ट साफ करणं हा इथे मोठा धंदा आहे, आणि त्यातले बरेच जण चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात. पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, १९९७ मध्ये घरमालकांसाठी काढलेल्या पुस्तिकेत स्पष्ट म्हटलंय की डक्ट साफ केल्याने आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही. साफसफाई करावी ती आत डोळ्यांना दिसणारी बुरशी असेल, उंदीर-किडे असतील किंवा धुळीने मार्ग तुंबून हवा येण्याच्या जाळीतून कचरा खोलीत येत असेल तर. दर वर्षी सणासारखी करायची ही गोष्ट नाही.

डक्टमध्ये बरीचशी धूळ जाते ती फिल्टरच्या कडेने. मर्व्ह १३ चा (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक गाळतो याचं माप) फिल्टर आणला, पण फ्रेम आणि खाच यांत बोटभर फट राहिली, तर हवा सोपी वाट धरणार. फिल्टर महिनाभर वापरूनही कडक पांढरा दिसत असेल तर खूश होऊ नका. हवा बाजूने पळते आहे. कडेने फोमची पट्टी लावा, दार घट्ट बसतंय का बघा, फ्रेमवरचा बाण ब्लोअरच्या, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, दिशेने ठेवा. बाण उलटा बसलेले फिल्टर विचार करवत नाही इतके सापडतात.

दुसरी चूक अतिउत्साहाची. एक इंच जाडीच्या खाचेत दाट फिल्टर कोंबला की हवा अडते. हवा कमी झाली की हवा गार करणाऱ्या कॉइलवर बर्फ धरतो, मशीन थांबलं की तो वितळतो, पाणी खालच्या ड्रेन पॅनच्या (पाणी झेलणाऱ्या तबकाच्या) बाहेर सांडतं, डक्टचं अस्तर भिजतं आणि तिथे बुरशी येते. मग बुरशी काढायला डक्टवाल्याला बोलवायचं, तो पैसे घेणार आणि तोच फिल्टर परत लावून जाणार! दाट फिल्टर हवा असेल तर चार इंच जाडीची खाच करून घ्या. घड्या जास्त, पृष्ठभाग जास्त, अडथळा कमी. फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे नळी घालून दाब मोजायचा साधा मॅनोमीटर मिळतो. नव्या फिल्टरचा आकडा फ्रेमवर पेनने लिहून ठेवा. तो दुप्पट झाला की फिल्टर बदला, कॅलेंडर काहीही म्हणो. गालिचा असलेल्या, दुपारी वीस चादरी झटकल्या जाणाऱ्या खोलीत तो आकडा भराभर चढतो.

पाण्याकडे कुणी बघत नाही. पॅनच्या नळीला शंभरात एक एवढा तरी उतार हवा. ब्लोअर कॉइलच्या पलीकडे बसून तिच्यातून हवा ओढत असेल तर नळीला पाणी साठून राहील असा वाक हवाच, आणि पुरेसा खोल. नाहीतर ब्लोअरचं शोषण पाणी पॅनमध्येच धरून ठेवतं. आणखी एक: पंखा 'ऑन'वर ठेवला की गाळणं सतत चालू राहतं म्हणून तसं सुचवतात, पण दमट हवेत कूलिंग बंद असताना हाच पंखा ओल्या कॉइलवरचं पाणी परत खोलीत नेतो. आर्द्रता साठ टक्क्यांवर जात असेल तर आधी ते सोडवा.

आता खरंच साफ करायचं ठरलं तर. मुलं नसताना, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळनंतर. मुख्य डक्टला मशीनजवळ भोक पाडून हेपा (अतिबारीक धूळ अडवणारा) फिल्टर असलेलं मोठं शोषणयंत्र जोडतात, सगळ्या जाळ्या प्लास्टिकने बंद करतात आणि एकेक फाटा उघडून ब्रशने किंवा दाबाच्या हवेने धूळ यंत्राकडे ढकलतात. पुरवठ्याची (हवा खोलीत आणणारी) आणि परतीची (हवा मशीनकडे नेणारी) बाजू वेगवेगळी साफ करतात. कॉइल, ब्लोअरची पाती आणि पॅन यात धरलेच पाहिजेत, नाहीतर पहिल्याच दिवशी तिथली घाण साफ डक्टमध्ये. व्हॅक्यूमची नळी जाळीत फिरवून तासाभरात निघणारा माणूस डक्ट साफ करत नसतो, जाळी साफ करत असतो. लवचिक डक्टमध्ये ब्रश घातला तर आतलं आवरण फाटतं. तो मळला असेल तर बदलणंच स्वस्त. काम झाल्यावर कॅमेऱ्याने आतलं दाखवायला सांगा. वाद झाला तर नाड्का या डक्ट साफ करणाऱ्यांच्या संघटनेची व्हॅक्यूम चाचणी आहे: १०० चौरस सेंटिमीटरवर ०.७५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त धूळ राहता कामा नये.

इमारत १९७८ च्या आधीची असेल तर भोक पाडण्याआधी थांबा. शिशाचा रंग असू शकतो, आणि सहा वर्षांखालची मुलं नियमित येतात अशा जुन्या जागांत रंग खरवडणाऱ्या कामाला ईपीएचे वेगळे नियम आहेत. जुन्या डक्टच्या सांध्यांवर पांढरी कागदी पट्टी दिसली तर तीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. तपासल्याशिवाय हात लावू नका. पाडलेलं भोक पत्रा, स्क्रू आणि मॅस्टिकने (फटी बुजवणाऱ्या लेपाने) बंद करा. डक्ट टेप नको. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८ मध्ये तपासून दाखवलं की नावात डक्ट असलेली ही कापडी टेप डक्टवरच टिकत नाही. असो.

आणि ते 'निर्जंतुक'. शेवटी धूर फवारून देतो म्हणणाऱ्याला विचारा: बाटलीवरच्या लेबलवर डक्टच्या आत वापरायची परवानगी लिहिली आहे का, आणि डक्टला फायबरग्लासचं अस्तर आहे का. अशा अस्तरावर वापरायला एकही जंतुनाशक नोंदलेलं नाही, असं ईपीए सांगते. भिजलेलं अस्तर साफ होत नाही, काढून टाकावं लागतं. फवारलेलं रसायन सोमवारी सकाळी कुठे येणार? जमिनीलगतच्या जाळीतून, तिच्याशेजारी झोपलेल्या बाळाच्या नाकाशी.

त्या जमिनीतल्या जाळ्यांत खडूचे तुकडे, मणी, बिस्किटाचा चुरा, एखादा मोजा असं सगळं जमतं. दर आठवड्याला जाळी उचलून हात पोचेल तिथपर्यंत व्हॅक्यूम करा आणि जाळीखाली बारीक तारेची चौकट बसवा. मात्र तीही धुवावी लागते. परतीच्या जाळीसमोर खेळण्यांचं कपाट ठेवू नका. लंगोट बदलायच्या जागी हवा बाहेर फेकणारा पंखा चालू करून जाळीवर टिश्यू धरा. चिकटून राहिला तर ठीक, गळून पडला तर पंख्याचा आवाज तेवढा चालू आहे.