मुक्ताईच्या वाटेवरचं ऊन आणि वळीव

वारी म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पावसात भिजत चाललेली दिंडी येते. मुक्ताईच्या पालखीची वाट वेगळी. ज्येष्ठात मुक्ताईनगरहून निघालं की मलकापूर, मोताळा, बुलढाणा, चिखली करत जालना-बीडकडे जाताना पाऊस अजून धड लागलेला नसतो. सकाळी नऊलाच डांबर पोळायला लागतं आणि दुपार कलली की वळवाचं आभाळ दाटून येतं.

मोताळ्याहून राजूर घाट चढताना आमच्या दिंडीतले एक बाबा अभंगाच्या मधेच भलतंच बोलू लागले. टाळ चुकला, पाऊल वाकडं पडायला लागलं. कपाळाला हात लावला तर चटकाच बसला. उन्हात माणूस असंबद्ध बोलायला लागला की तो उष्माघात समजायचा, अंगाला घाम असला तरी. आम्ही त्यांना टँकरच्या सावलीत आडवं केलं, सदरा काढला, अंगावर पाणी ओतलं, ओले पंचे मानेला, काखेत, जांघेत ठेवले आणि उपरण्यांनी वारा घालत राहिलो. कुणीतरी पेला तोंडाला लावायला गेलं, त्याला थांबवलं. शुद्ध हरपत असताना पाणी श्वासनळीत जातं. तोवर १०८ ला फोन झाला होता. बाबा वाचले. पुढे मुलगा येऊन त्यांना घरी घेऊन गेला.

त्या साली निर्जला एकादशी वाटेतच आली. चिखलीच्या पुढे एक मावशी पेल्याला हात लावेनात. "मले पानी नको बाप्पा, आज निर्जला हाय." विणेकरी बाबांनी आधी स्वतः सगळ्यांदेखत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घेतलं, मग दुसरा पेला मावशींपुढे धरला. मावशींनी डोळे मिटून तो कपाळाला लावला आणि प्यायल्या. मला तेव्हा विणेकऱ्यांचा मान कशासाठी असतो ते कळलं.

मेहूणला तापीकाठी वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाली, ही आमची श्रद्धा. वीज चमकली की जुने वारकरी हात जोडतात, मीही जोडते. पण गेवराईच्या अलीकडे उघड्या माळावर गडगडाट सुरू झाला, तेव्हा विणेकरी बाबांनी भजन थांबवलं आणि पताका खाली घ्यायला लावल्या. काही पताकाधाऱ्यांना ते जड गेलं. पण सपाट रानात सगळ्यात उंच पताकाच होत्या. चमक आणि आवाज यांत तीन सेकंद म्हणजे वीज साधारण एक किलोमीटरवर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर आसरा गाठायचाच. लोक लिंबाच्या झाडाकडे पळाले, चोपदार आडवे आले आणि सगळ्यांना शाळेच्या पक्क्या इमारतीत नेलं. उरलेले बंद टपाच्या ट्रकमध्ये बसले. कापडी राहुटी विजेपासून वाचवत नाही.

पाऊस थांबला तरी शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी हललं नाही. चोपदारांच्या मोबाइलवर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप होतं, तेही पाहत होते. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. श्वास बंद असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करायची.

यंदा निघणार असाल तर दिंडी कधी थांबवायची आणि पताका खाली घ्यायला कोण सांगणार, हे प्रस्थानाआधीच दिंडीप्रमुखांना विचारून घ्या.