सोळातले सहाच गुण माहितीला

इंग्लंडमधला शालेय इतिहासाचा पेपर पहिल्यांदा बघितला की आपल्याकडचा माणूस पानं उलटतो आणि विचारतो, "एवढेच प्रश्न?" जोड्या लावा नाही, टिपा लिहा नाही, 'विधाने सकारण स्पष्ट करा' नाही. मोजके प्रश्न, आणि शेवटच्या एकाच प्रश्नाला सोळा गुण.

इथली मुलं सोळाव्या वर्षी जीसीएसई देतात, म्हणजे आपली दहावीच समजा. त्यात इतिहास सक्तीचा नाही, माझ्या लेकीने हौसेने घेतलाय. राज्याचं एकच बोर्ड असाही प्रकार नाही. एक्यूए, ओसीआर, एडेक्सेल अशी वेगवेगळी मंडळं आहेत आणि कुठलं घ्यायचं ते शाळा ठरवते. लेकीच्या शाळेत एडेक्सेल आहे आणि एका पेपरला विषय आहे ब्रिटनमधलं वैद्यकशास्त्र, १२५० पासून आजपर्यंत. राजे-लढायांवर वाढलेल्या मला तर हेवाच वाटला.

त्या सोळा गुणांच्या प्रश्नात एक विधान देतात आणि विचारतात, तुम्ही कितपत सहमत आहात? समजा, '१७०० ते १९०० या काळात रोगप्रतिबंधातली सर्वांत मोठी झेप म्हणजे जेन्नरची देवीची लस.' खाली दोन मुद्दे सुचवलेले असतात. पण फक्त त्या दोन मुद्द्यांवर लिहिलं तर सर्वांत वरच्या पातळीत, म्हणजे तेरा ते सोळा गुणांत, शिरताच येत नाही. स्वतःचं काहीतरी आणावंच लागतं.

लेकीने सरावाला याच धर्तीच्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं तेव्हा आणायला काही कमी केलं नव्हतं. १७९६ मधला जेन्नरचा प्रयोग, १८५३ मध्ये बाळांना सक्तीची झालेली लस, १८५४ च्या कॉलऱ्याच्या साथीत डॉक्टर जॉन स्नोने लंडनमधल्या ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाचा काढायला लावलेला दांडा, १८५८ च्या उन्हाळ्यातली थेम्सची दुर्गंधी आणि त्यानंतर अभियंता बॅझलजेटने बांधलेली गटारं, १८६१ चा पाश्चरचा जंतुसिद्धांत (रोगांमागे जंतू असतात हा), १८७५ चा सार्वजनिक आरोग्य कायदा. सगळं सनावळीप्रमाणे ओळीने. वर माझ्याकडून ऐकलेलं, की १८०२ मध्ये भारतातली पहिली यशस्वी लस मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. बाईंनी त्या वाक्याला सरळ कंस केला, कारण प्रश्न ब्रिटनचा होता. गुण आठ. शेरा: "सगळं खरं आहे. पण तुझं म्हणणं काय?"

साताऱ्याला माझे वडील, निवृत्त इतिहास शिक्षक, व्हिडिओ कॉलवर ते उत्तर ऐकून चिडलेच. "अगं, एकही सन चुकला नाही आणि आठ? आमच्याकडे पैकीच्या पैकी दिले असते."

"आजोबा, सनांना वेगळे गुणच नाहीत," नातीने सांगितलं.

ती म्हणते ते अक्षरशः खरं आहे. गुणदान योजना मंडळाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येते. सोळापैकी सहा गुण माहितीला आणि दहा विश्लेषण व निर्णयाला. शिवाय मुद्दा दिसला की अर्धा गुण, असं तपासतच नाहीत. आख्खं उत्तर वाचून ते चारपैकी कुठल्या पातळीतलं आहे ते ठरवतात, मग त्या पातळीच्या आत गुण देतात. वरच्या पातळीसाठी युक्तिवाद शेवटपर्यंत सुसंगत हवा आणि निर्णय कुठल्या निकषावर दिला तेही सांगायला हवं.

दुसऱ्यांदा लिहिताना लेकीने निम्मी माहिती गाळली. पहिल्याच परिच्छेदात निकष मांडला: झेप मोठी की छोटी, हे किती रोग टाळता आले यावर ठरवू. मग जेन्नर आपोआप लहान झाला. त्याची लस एकाच रोगावर, आणि ती का चालते हे त्यालाही ठाऊक नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या रोगांवर तीच युक्ती लावता आली नाही. ते दार पाश्चरच्या जंतुसिद्धांताने उघडलं. गटारांचं तर आणखी गमतीचं. पार्लमेंटने पैसा मंजूर केला तो कॉलरा पाण्यातून पसरतो हे स्नोचं म्हणणं पटलं म्हणून नव्हे, वास सहन होईना म्हणून. पण फायदा लसीसारखा एका रोगापुरता राहिला नाही. प्रत्येक परिच्छेद त्या निकषाला येऊन टेकत होता. तेच ज्ञान, तीच मुलगी, गुण तेरा.

याची दुसरी बाजूही आहे. शाळा मुलांना 'पील' नावाचा साचा घोटवून घेतात: मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण, प्रश्नाशी सांधा. लेकीच्या मैत्रिणींचे निबंध मी वाचलेत, सगळे एकाच गिरणीतून आल्यासारखे. विरोधी बाजूचा परिच्छेद तर बहुतेकींनी नाइलाजाने लिहिलेला असतो, खोडून टाकायलाच. आपल्याकडे पुरवण्यांवर पुरवण्या लावणारी मुलं होती, इथे साच्यावर साचे टाकणारी आहेत. तरी साचा पाळून मधली पातळीच गाठता येते असं मला दिसतं. वर जायला खरोखर काहीतरी मत असावं लागतं, आणि ते पंधरा-सोळाव्या वर्षी दरवेळी कुठून आणायचं?

कुणाची मुलं नववी-दहावीत इकडे येणार असतील तर पुस्तकांच्या आधी ती गुणदान योजना उतरवून घ्या आणि बारा गुणांच्या 'का ते स्पष्ट करा' प्रश्नापासून सुरुवात करा. तिथे माहिती आणि विश्लेषणाला सहा-सहा गुण आहेत, त्यामुळे आपल्याकडून आलेल्या मुलांना पाय रोवायला जागा मिळते. बाबांनी ती योजना छापून घेतलीय आणि नातीचं पुढचं उत्तर स्वतः तपासणार आहेत, लाल शाईने.